गावाचे अंगठे आणि सेवरीनामावशीचं दार

सेवरीनामावशीच्या घराची किल्ली कुठे असते हे वाडीत फक्त कुत्र्यांना माहीत नव्हतं, आणि तेही त्यांनी कधी चौकशी केली नाही म्हणून. मावशीच्या अंगणात पांढरा चुना दिलेला खुरीस, म्हणजे क्रूस आहे. त्याच्या पाठीमागे मेणबत्त्या ठेवायचा कोनाडा, आणि कोनाड्यात मेणबत्त्यांच्या खाली किल्ली. चाळीस वर्षं हीच व्यवस्था. देवाच्या पाठीमागे हात घालून चोरी करील असा माणूस मालवण तालुक्यात अजून जन्मायचा होता. मावशी बाजारात गेलेली असली की मासळीवाली येई, किल्ली घेई, बांगडे टोपात घाली, टोपावर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवी, आणि दार लावून किल्ली जागच्या जागी ठेवून पुढे जाई. मांजर सोडलं तर या व्यवस्थेबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार आली ती आखातातल्या दोह्याहून. मावशीची मुलगी रिशेल तिथे नर्स आहे. एका रविवारी ती आईशी व्हिडिओवर बोलत होती. मावशी खुरसाच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या खांद्यामागे घराचं दार दिसत होतं. ते दार उघडलं, आतून लवू बाहेर आला, मिशी पुसली, दार लावलं आणि किल्ली मेणबत्त्यांखाली सरकवून गेला. लवू हा वाडीतल्या माडांचे नारळ पाडणारा माणूस. चार माड चढून उतरला की त्याला पाणी लागतं, आणि मावशीच्या मडक्यातलं पाणी त्याला मानवतं.

"ममा, तो कोण?" रिशेलने विचारलं.

"लवू."

"तो आमच्या घरात कसो गेलो?"

"दारातसून," मावशी म्हणाली.

मग रिशेलने दोनच गोष्टी समोर ठेवल्या. एकतर दाराला नवं कुलूप बसवायचं, जे मोबाइलवर चालतं आणि कोण कधी आलं-गेलं ते तिला दोह्यात दिसतं; नाहीतर ममाने घर बंद करून मडगावला रिशेलच्या सासूकडे राहायला जायचं. रिशेलची सासू फार भाविक आहे. ती जेवणाआधी पाऊण तास प्रार्थना म्हणते आणि जेवण पाच मिनिटांत आटोपते. मावशीने कुलूप पत्करलं.

कुलूप बसवायला बाजारातून विनीत आला. विनीतच्या दुकानात मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप आणि उन्हाळ्यात कुल्फी मिळते. पंचेचाळिशीतला हा गृहस्थ कोणत्याही यंत्राच्या खोक्यातलं माहितीचं पुस्तक आधी फेकून देतो, कारण त्याने म्हणे डोकं बांधलं जातं. त्याने दाराचं चाळीस वर्षांचं जुनं कुलूप उपसून काढलं, तिथे काळं गुळगुळीत काचेचं नवं बसवलं, मावशीच्या मोबाइलवर टक टक करून चार-पाच ठिकाणी बोट आपटलं, आणि म्हणाला, "हां. आता आंगठो ठेवा."

मावशीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

आता इथे थोडं थांबायला हवं. मावशीने शेवटचा अंगठा उठवला त्याला बारा वर्षं झाली. त्याआधी तिचं सगळं आयुष्य अंगठ्यावर चाललं होतं. तिच्या बापाने एकदा रेशनचा कागद समजून एका कागदावर अंगठा दिला, आणि कुंपणाकडेचा कापा फणस शेजारी गेला. तो फणस आजही शेजारच्या गुरुदासच्या आवारात दरवर्षी भरभरून धरतो, आणि गुरुदास दरवर्षी त्यातला अर्धा फणस मावशीला पाठवतो. मावशी तो खाते, पण प्रत्येक गऱ्याला एकदा कुंपणाकडे बघते. छप्पनाव्या वर्षी ती मैत्रीण शेवंतीला घेऊन शाळेच्या पडवीत संध्याकाळी भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गाला जाऊन बसली, सात महिने पाटी घासली, आणि ज्या दिवशी पहिली सही केली त्या दिवशी तिने जाहीर केलं की यापुढे न वाचता काही नाही आणि अंगठा तर नाहीच नाही.

"आंगठो मी देवचंय नाय," ती विनीतला म्हणाली.

"मावशे, हो कागदावरचो आंगठो न्हय. हो नुसतो वळखीचो."

"माझ्या बापाशीक पण असाच सांगितल्यानी."

आणि मघाशी तू कुठे कुठे बोट आपटलंस, ते तिने विचारलं. विनीतने सांगितलं की ते काही नाही, कंपनीच्या अटी असतात, खाली 'सहमत आहे' असं येतं, ते दाबायचं. सगळे दाबतात. तू वाचल्यास का, असं मावशीने विचारलं तेव्हा विनीत मोकळेपणाने हसला. तो हसला तो त्याच्याकडून झालेला सगळ्यात मोठा गुन्हा. मावशीने त्याला परत बाजारात पाठवून त्या अटी कागदावर छापून आणायला लावल्या. अडतीस पानं निघाली. मराठी होती, म्हणजे अक्षरं मराठी होती. मावशीने चष्मा पुसला, पडवीत पाट मांडला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

मावशीचं वाचन ही वाडीत सार्वजनिक गोष्ट आहे. तिला मनात वाचता येत नाही. डोळे, ओठ आणि आवाज ही तिघं एकाच वेळी घरातून निघतात आणि एकाच वेळी परत येतात. एसटीत बसली की खिडकीतून दिसणारी प्रत्येक पाटी ती मोठ्याने वाचते; सावंतवाडीपर्यंतचा प्रवास केलेल्या लोकांना वाटेतल्या सगळ्या खतांच्या जाहिराती पाठ झाल्या आहेत. त्यामुळे अडतीस पानांतलं पहिलं पान संपेपर्यंत वाडीला कळलं होतं की मावशी 'याद्वारे आपल्या बोटाच्या वापरास मागे न घेता येणारी परवानगी' देत आहे. चौथ्या पानावर 'आपली माहिती तृतीय पक्षासोबत वाटून घेतली जाईल' असं आलं. कुंपणापलीकडे गुरुदास ऐकत होता. गुरुदासने तीस वर्षं तलाठी कार्यालयात काढली आहेत, त्यामुळे न विचारता समजावून सांगायची त्याला सवय आहे. तो म्हणाला, पहिला पक्ष कंपनी, दुसरा पक्ष तू. तिसरा कोण, असं मावशीने विचारलं. तिसरा कोणीही, जो आपल्यात तोंड घालतो तो, असं गुरुदास म्हणाला, आणि मावशीने त्याच्याकडे चष्म्यावरून असं काही पाहिलं की तो फणसाच्या आडोशाला गेला.

वाचन संपेपर्यंत अंगठा नाही हे ठरलं. पण कुलूप तोवर मोकळं होतं. विनीतच्या म्हणण्याप्रमाणे मालकाचा अंगठा नोंदवला जाईपर्यंत ते कोणाच्याही अंगठ्याने उघडतं. ही बातमी पसरली आणि दोन दिवस मावशीच्या दारात रांग लागली. ज्याला त्याला आपला अंगठा लावून बघायचा होता. लोक जोडीने येत होते. एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि त्याचा पायाचा अंगठा लावून बघितला, उघडलं. दाराला चाळीस वर्षांत एवढी माणसं लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मावशी बाजारातून आली तर दार ओढलेलं होतं आणि दारात कोणी नव्हतं. हातात पिशव्या, डोक्यावर ऊन, पोटात मडक्यातल्या पाण्याची आठवण. तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, खुरसाकडे पाहून मनात माफी मागितली, आणि काचेवर अंगठा ठेवला.

कुलपातली बाई म्हणाली, "अंगठा ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा."

मावशीने पुन्हा प्रयत्न केला. मग डावा अंगठा. मग उजवीकडची चारही बोटं, मग डावीकडची. मग पदराने पुसून सगळी पुन्हा. कुलपातली बाई दर वेळी तेच, त्याच आवाजात सांगत राहिली. तेवढ्यात कुंपणापलीकडून गुरुदास उगवला. "काय गो सेवरीना, उघडणा नाय?" असं म्हणत तो आत आला, अंगठा ठेवला, आणि दार टक् करून उघडलं. मग माडावरून उतरलेला लवू आला. त्याचा अंगठा म्हणजे काथ्याचा तुकडा, तोही चालला.

मावशीला रडू आलं नाही, पण ती त्या दिवशी चहात साखर घालायला विसरली. बारा वर्षं ज्या अंगठ्याला लपवून ठेवलं तो स्वतःहून पुढे केला, तर घेणाऱ्याने नाकारला. जगात असा अपमान सहसा होत नाही.

शेवंती संध्याकाळी येऊन सगळं ऐकून गेली. ती आणि मावशी सव्वीस वर्षं एकाच काजूच्या कारखान्यात काजू फोडायला होत्या. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते, आणि असं सव्वीस वर्षं झालं की बोटांवरच्या रेषा कायमच्या जातात. शेवंतीने आपला अंगठा लावून पाहिला. तोही नापास झाला.

"आमचे आंगठे कारखान्यातच रवले गो," ती म्हणाली, आणि दोघी दारात बसून हसल्या. पण मावशी कमी हसली.

खरा अनर्थ दुसऱ्या दिवशी झाला. रिशेलने दोह्याहून फोन करून विनीतला झापलं की कुलूप चार दिवस उघडं कसं. विनीत घाईने आला. मालकाचा अंगठा एक तरी नोंदवल्याशिवाय कुलूप पक्कं होत नव्हतं, मावशीचा लागत नव्हता, आणि समोर कुंपणावर गुरुदास हात टेकून उभाच होता. विनीतने तात्पुरता म्हणून गुरुदासचा अंगठा घेतला. पुढच्या वेळी गुरुदासने काचेवर अंगठा ठेवला तेव्हा कुलूप म्हणालं, "स्वागत आहे, गुरुदास. आपल्या घरी."

मावशी त्या वेळी चुलीपाशी होती. ती तवा हातात घेऊन बाहेर आली.

"आदी फणस," ती म्हणाली, "आता घर."

गुरुदासने शपथा घेतल्या की त्याला यातलं काही नको. पण त्याने त्या दिवसापासून दार उघडून देताना एक पाऊल मावशीच्या आधी आत ठेवायला सुरुवात केली, हे शेवंतीने पाहिलं आहे. मावशीचं आयुष्य आता दुसऱ्याच्या अंगठ्यावर आलं. बाहेर पडायचं तर आधी गुरुदास घरी आहे का बघायचं. गुरुदास देवळात गेला असला तर मावशी खुरसापाशी बसून अटींचं पुढचं पान वाची. तो जेवून वामकुक्षीला पडला असला तर दोन पानं होत. एकविसाव्या पानापर्यंत ती अशीच, दाराबाहेर पोचली.

कंपनीला फोन लावला. फोनवरची मुलगी इतकी गोड बोलत होती की मावशीने तिला आधी जेवलीस का विचारलं. मुलीने सांगितलं की अंगठ्याऐवजी गुप्त क्रमांकावर कुलूप चालू शकतं आणि मालकीही मावशीच्या नावावर येऊ शकते, पण त्यासाठी ग्राहक अंगठा देण्यास असमर्थ असल्याचा सरकारी दाखला जोडावा लागेल. शनिवारी मावशीच्या खुरसापाशी लदीन होती. लदीन म्हणजे सगळी वाडी खुरसापुढे जमून प्रार्थना गाते, आणि मग ज्याच्या दारात लदीन त्याने उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटायचे. देवाच्या आईची, आईसायबिणीची मूर्ती घरातून वाजत बाहेर आणायची. ते दार गुरुदासच्या नावाचं असताना आईसायबिणीला बाहेर कसं काढायचं, हा मावशीपुढचा प्रश्न होता. लदीनला पाच दिवस होते. ती छत्री घेऊन ग्रामपंचायतीत गेली.

ग्रामसेवक सभ्य माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठा आहे का?"

"आहे," मावशी म्हणाली. कचेरीत ती शुद्ध बोलते.

"मग नसल्याचा दाखला कसा देऊ?"

"नसल्याचा नको. असून उपयोग नाही असा द्या."

ग्रामसेवकाने सगळे नमुने चाळले. रहिवासाचा होता, हयातीचा होता, घराला शौचालय असल्याचा होता. असून उपयोग नसल्याचा नमुना सरकारने अजून काढलेला नव्हता. त्याने तिला मालवणला पाठवलं. मालवणच्या सरकारी डॉक्टरने अंगठा वाकवून, दाबून, दिव्याखाली धरून पाहिला आणि अंगठा उत्तम असल्याचं लिहून दिलं, ज्यामुळे काम आणखी बिघडलं. मग गुरुदास पुढे आला. हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. त्याने तीस वर्षांची विद्या पणाला लावून एक मसुदा केला, स्वतः ग्रामसेवकाच्या टेबलापाशी बसून तो टंकायला लावला आणि शिक्का मारून घेतला. मावशीने तो तिथेच उभ्याने, मोठ्याने वाचला. "सदर महिलेस उजवा व डावा असे दोन अंगठे असून ते सुस्थितीत आहेत, तथापि ते वाचता येत नाहीत."

कचेरीत बसलेली सगळी माणसं मान वळवून बघायला लागली. मावशीने कागद घडी घातला. "म्हणजे मी शिकलंय," ती गुरुदासला परत येताना म्हणाली, "आणि आंगठो अडाणी रवलो."

दाखला चालला. गुरुवारी कुलूप मावशीच्या नावावर झालं. तिने गुप्त क्रमांक ठरवला, कोणालाही न सांगता, शेवंतीलासुद्धा नाही. रिशेललाही सांगितला नाही. दारापाशी आली, चारी बाजूंना बघितलं, काचेवरचे आकडे उजळले, आणि मावशीने एकेक आकडा दाबला.

"सात. तीन. नऊ. एक," मावशी म्हणाली.

आता यात तिचा दोष नाही. आकडा दिसला की तोंडातून येतो, तिला शिकवलंच तसं होतं. पण ती हे लदीनच्या आधीचे दोन दिवस रोज आठ वेळा म्हणत राहिली, शेवटच्या 'एक'वर जरा जोर देऊन, आणि शुक्रवारपर्यंत तो क्रमांक मासळीवालीला, मांजराला, गुरुदासला आणि माडाच्या शेंड्यावर बसलेल्या लवूला पाठ झाला. लवू तर नारळ खाली टाकताना तो म्हणायला लागला. "सात. तीन." धप्प. "नऊ. एक." धप्प.

मावशीला हे कोणी सांगितलं नाही. वाडीने किल्लीबद्दल चाळीस वर्षं जो सभ्यपणा पाळला होता तोच इथेही पाळला.

मोबाइलबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. आईचे डोळे दुखतात म्हणून रिशेलने तिच्या मोबाइलमध्ये अशी सोय करून ठेवली होती की आलेला प्रत्येक निरोप आतली एक बाई मोठ्याने वाचून दाखवते, आणि आपण हात लावेपर्यंत दर दोन मिनिटांनी पुन्हा वाचते. मावशीला त्या बाईचा मत्सर वाटे. ती अडखळत नसे, जोडाक्षरावर थांबत नसे, चष्मा पुसत नसे. मागच्या महिन्यात इगर्जीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना ती पिशवीतून म्हणाली, "आपला ऐंशी टक्के डेटा वापरून झाला आहे," आणि पाद्री बाबांनी शांतपणे 'आमेन' म्हणून पुढे सुरुवात केली. तेव्हापासून मावशी मोबाइल घरी ठेवूनच प्रार्थनेला बसते.

शनिवार आला. चणे उकडून झाले. मावशीने मागच्या दाराला आतून कडी घातली, कारण चण्यांच्या वासावर कुत्री आली होती. मोबाइल मेजावर ठेवला. आईसायबिणीला फुलं घातली. मग मेणबत्त्या आणि तांब्या घेऊन ती पुढच्या दाराने बाहेर आली, खुरसापाशी मेणबत्त्या लावायला, आणि पाठीमागे वाऱ्याने दार टक् करून लागलं. त्यात काळजीचं काही नव्हतं. गुरुवारी मालकीबरोबर कंपनीकडून आलेल्या दोन किल्ल्याही होत्या. त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून गुरुदासच्या सल्ल्याने आतल्या कपाटात ठेवल्या होत्या.

लोक जमले. लदीन म्हणणारा जासिंत मेस्त व्हायोलिन घेऊन आला. मूर्ती आणायची वेळ झाली. मावशीचे दोन्ही हात मेणाने भरलेले पाहून गुरुदास पुढे झाला आणि म्हणाला की थांब, मी उघडतो, आणि सराईतपणे आकडे दाबू लागला. मावशी गार पडली.

"भाऊ, तुमका नंबर कसो म्हायत?"

गुरुदासच्या उत्तराची वाट न बघता मागून लवू म्हणाला की भाऊंनी चूक दाबला, सातनंतर तीन. गुरुदास म्हणाला, तीनच दाबला. मासळीवाली म्हणाली, नऊ आधी. जमलेल्या चाळीस माणसांना नंबर येत होता आणि चाळिसांचं एकमत होत नव्हतं. गुरुदासने चुकवला, मासळीवालीने चुकवला, आणि जासिंत मेस्ताने व्हायोलिनच्या काठीने दाबून तिसऱ्यांदा चुकवला. कुलूप लाल झालं. कुलपातली बाई म्हणाली की सुरक्षेसाठी जुना क्रमांक रद्द करण्यात आला असून नवीन क्रमांक अर्ध्या तासात मालकाच्या मोबाइलवर पाठवला जाईल.

मालकाचा मोबाइल आत, मेजावर, आईसायबिणीच्या पायाशी होता.

लवूने छपराचा मार्ग धरला. चार कौलं काढून त्याने आत डोकं घातलं, पण खालच्या लाकडी पट्ट्या, रिपा, दाटीने मारलेल्या, खांदे जाईनात. "मावशे, चणे दिसतत," त्याने वरून कळवलं. जरा वेळाने म्हणाला, "हात पोचणा नाय."

मावशी खुरसाच्या पायरीवर बसली. चाळीस माणसं तिच्या दारात उपाशी, देवाची आई तिच्याच घरात कोंडलेली, आणि रिशेलचा नवरा दोह्याहून आपल्या आईला फोन करून सांगणार की ममाला घर सांभाळता येत नाही, मडगावची खोली झाडून ठेवा. तिला त्या पाऊण तासाच्या प्रार्थना ऐकू यायला लागल्या.

सूर्य खाडीपलीकडे टेकला होता. मेस्त म्हणाला, मूर्ती नसली तरी खुरीस आहे, सुरू करूया. लोक गुडघ्यांवर बसले. व्हायोलिन कुरकुरलं. लदीन लॅटिनमध्ये असते. मेस्त एकेक नाव घेतो आणि लोक 'ओरा प्रो नोबिस' म्हणून उत्तर देतात, आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणून. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की समोरून काय आलं याकडे कोणाचं लक्ष नसतं. आवाज थांबला की उत्तर द्यायचं.

मेस्ताने एक नाव घेतलं. ओरा प्रो नोबिस. दुसरं घेतलं. ओरा प्रो नोबिस. तो श्वास घ्यायला थांबला, आणि कौलांच्या भोकातून, लवूच्या खांद्यावरून, स्पष्ट, न अडखळणारा आवाज आला.

"आपला नवीन गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नका."

"ओरा प्रो नोबिस," चाळीस माणसं म्हणाली.

"आठ."

"ओरा प्रो नोबिस."

"चार."

"ओरा प्रो नोबिस."

मेस्ताचे डोळे मिटलेले होते; त्याला वाटलं गायला कोणीतरी मदतीला आलं. मावशीची मान मात्र वर झाली. तोवर शेवटचे दोन आकडे उत्तराच्या गजरात बुडाले. तिला ती बाई ठाऊक होती. ती दोन मिनिटांनी पुन्हा वाचते. मावशी गुडघ्यांवरून सरकत सरकत भिंतीपाशी गेली, कान भिंतीला लावला, आणि दुसऱ्या वेळी, लोक मान खाली घालून उत्तरं देत असताना, तिने चारही आकडे ऐकून घेतले.

ती उठली. दारापाशी गेली. काच उजळली. गुरुदासने एक डोळा उघडला. लवूने छपरावर कान टवकारले. मासळीवाली ओठ हलवायच्या तयारीत बसली.

मावशीने पहिला आकडा दाबला. ओठ थरथरले, पण तिने ते दातांखाली धरले. दुसरा दाबला. तिसरा. चौथा. तोंडातून एक अक्षर आलं नाही.

"स्वागत आहे, सेवरीना," कुलूप म्हणालं. "आपल्या घरी."

आईसायबीण बाहेर आली. चणे वाटले गेले. लवूला छपरावर द्रोण पोचवावा लागला, कारण उतरताना त्याची लुंगी रिपेत अडकली होती. गुरुदास दोनदा चणे घ्यायला आला आणि दुसऱ्या वेळी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "आठ-चार, पुढे काय गो?" मावशीने त्याला जास्तीचं खोबरं दिलं.

पुढच्या बुधवारी मावशी अटींच्या छत्तिसाव्या पानावर पोचली. तिथे, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं की ग्राहक समाधानी नसल्यास तीस दिवसांच्या आत कारण न देता वस्तू परत करू शकतो. सव्विसावा दिवस होता. हे वाक्य लिहिणाऱ्याला कोणी इथपर्यंत येईल असं वाटलं नसावं. तिने रिशेलला फोन केला. तिने आरडाओरडा केला नाही; फक्त छत्तिसावं पान वाचून दाखवलं, आणि मग विचारलं की विनीतने 'सहमत' दाबलं तेव्हा मावशीला कोणी विचारलं होतं का. रिशेल म्हणाली, तिनेही वाचलं नव्हतं. मडगावचा विषय मग निघाला नाही. सुताराने जुनं कुलूप दाराला परत बसवलं. किल्ली मेणबत्त्यांखाली गेली. मांजर निराश झालं.

कुलूप न्यायला कुडाळहून एक गृहस्थ आला. त्याने खोकं घेतलं, मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, इथे काचेवर बोटाने सही करा, नुसती रेघ मारा, सगळे रेघच मारतात.

"नुसती रेघ मारूची होती," मावशी म्हणाली, "तर सात म्हयने शाळेत कित्याक गेललंय?"

तिने चष्मा लावला. बोट पुढे केलं, मग मागे घेतलं, हाताकडे जरा पाहिलं, आणि अंगठा पुढे केला. त्या गुळगुळीत, कोणाला न वाचता येणाऱ्या अंगठ्याने तिने काचेवर सावकाश लिहायला घेतलं. सेवरीना. मग बावतीस, नवऱ्याचं. मग फर्नांडिस, न वर रफार देऊन. काच अपुरी पडली; त्या गृहस्थाला ती दोनदा सरकवावी लागली. कुंपणापलीकडे गुरुदास टाचा उंचावून उभा होता.

"काय लिवलंस गो?" त्याने विचारलं.

मावशीने सही पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकदा वाचून पाहिली, आणि कोणालाही काही ऐकू गेलं नाही.